डाव्या हाताचा माउस

माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा घरातल्या एकाही माणसानं ते मनावर घेतलं नाही, एवढं मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. बायको म्हणाली, "दिवसभर बसल्या जागी एक बोट हलवता, त्यात दुखण्यासारखं काय आहे?" आता हिला काय सांगायचं. मी जुन्या मोजणी नकाशांचे संगणकावर नवे नकाशे करतो. कापडावर डकवलेला साठ वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला नकाशा पडद्यावर उघडायचा आणि त्यातल्या प्रत्येक हद्दीवर, गल्लीवर, विहिरीवर क्लिक करत करत पुढे सरकायचं. एका नकाशाला साधारण चार हजार क्लिक होतात. मी मोजलेत, कारण मोजण्याशिवाय त्या कामात दुसरी करमणूक नाही.

डॉक्टरांनी मनगट दाबलं, मी ओरडलो, आणि त्यांना जे हवं होतं ते मिळालं. "माउस बदला," ते म्हणाले. "उभा मिळतो हल्ली. आपण हस्तांदोलन करतो ना, तसा धरायचा." असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला, आणि तपासणी संपली हे मला बाहेर येईपर्यंत कळलं नाही.

कार्यालयाकडून माउस मिळेल अशी एक भाबडी आशा मला होती. मी घरून काम करत असलो तरी नोकरी कार्यालयाचीच आहे. तिकडून अर्जाचा नमुना आला. सोबत सध्याचा माउस नादुरुस्त असल्याचा दाखला जोडायचा होता. सध्याचा माउस ठणठणीत होता. नादुरुस्त मी होतो, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता. मी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी पलीकडच्या बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "तुम्ही तो एकदा पाडून बघा ना." बावीस वर्षांच्या नोकरीत सरकारी वस्तू मुद्दाम पाडण्याचा सल्ला मला पहिल्यांदाच मिळाला, आणि मी तो मानला नाही. स्वतःच विकत घ्यायचं ठरवलं.

इथे वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा प्रवेश होतो. त्यांना आम्ही घरात सल्लागार म्हणतो. त्यांच्या जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून आम्हाला सल्ल्याचा आकार कळतो. त्या दिवशी ते दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत आले. "बिनवायरचाच घ्या," ते खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले. "वायर म्हणजे काय, हात बांधून ठेवल्यासारखं होतं."

हात बांधण्याचा विषय निघाला की मी गप्प होतो. त्याचं कारण आतल्या खोलीत, खाटेवर, छताकडे बघत पडलेलं होतं.

ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी ज्या कार्यालयात आहे तिथेच ते मुख्य आरेखक होते, म्हणजे हातानं नकाशे काढणाऱ्यांचे प्रमुख. मी आज ज्या नकाशांवर क्लिक करतो त्यातले निम्मे तरी त्यांच्या हातचे आहेत. शिस्तीचा माणूस. मी जन्मतः डावखुरा, आणि डावखुरा मुलगा ही अण्णांच्या दृष्टीनं वाकडी निघालेली रेघ होती. पहिलीत असताना अभ्यासाला बसवलं की माझा डावा हात रुमालानं खुर्चीच्या पाठीला बांधायचे. मारलं कधी नाही, ओरडलेही नाहीत. उजव्या हातानं मी काहीतरी गिरगटलं की त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायचे आणि शेजारी लिहायचे, 'पुन्हा.' वर्षभरात माझा डावा हात समजून चुकला. तेव्हापासून तो ताट धरणे, दार लोटणे असली हलकी कामं करतो.

सात महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डॉक्टर "हात वर करा" म्हणाले, अण्णांनी छताकडे बघितलं. "माझं बोट बघा" म्हणाले, तरी अण्णा छताकडेच. मग डॉक्टर आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले की यांना फारसं काही कळत असेल असं वाटत नाही. तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात राहायलाच आलं. चादर बदलताना बायको म्हणायची, त्यांना कुठे कळतंय. फोनवर ताई म्हणायची, "बाळ, त्यांना काही कळत नाही रे आता." ताई माझी मोठी बहीण. तिनं एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं होतं. तिथे दोन मजले होते. खालचा मजला ज्यांना कळतं त्यांच्यासाठी, तिथे खिडक्या, बाग, वर्तमानपत्र. वरचा मजला ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी, आणि तिथे काय होतं ते ताईनं नीट सांगितलं नाही. वरच्या मजल्यावर जागा झाली होती. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गाडी येणार होती. मी हो म्हणालो नव्हतो आणि नाहीही म्हणालो नव्हतो. मी माउस निवडत होतो.

आणि निवडला म्हणजे किती निवडला. अकरा माउसांचा तक्ता केला. उताराचा कोन, वजन, बटणं, आवाज. वापरलेल्या लोकांचे अभिप्राय वाचले. एका बाईंनी लिहिलं होतं, 'या माउसनं माझा हात मला परत दिला.' त्याखाली एकानं लिहिलं होतं, 'पेटी छान आहे.' बायको म्हणाली, "लग्न ठरवताना एवढं बघितलं नव्हतंत." आज सांगायला हरकत नाही, एका माणसाचं काय करायचं हे ठरवायची हिंमत नसली की माणूस दुसरं काहीतरी फार बारकाईनं ठरवत बसतो.

शेवटी एक पसंत केला. त्यात डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा असे दोन प्रकार होते, शेजारी पंजाचं चित्र. मी खात्री करायला उजवा पंजा पडद्यावर त्या चित्रावर ठेवला. अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी, तंतोतंत. मागवला. चित्र तळव्याच्या बाजूनं काढलं होतं, आणि म्हणून तो डाव्या हाताचा पंजा होता, हे माउस घरी आल्यावर कळलं. आयुष्यभर नकाशे केलेल्या माणसानं डावं-उजवं चुकवावं, यावर सल्लागार पुढे चार दिवस जिन्यात हसत होते.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. पेटी उघडल्यावर सल्लागारांनीच त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या मागे खोचून दिला, आणि चालतो का बघायला मी माउस डाव्या हातात धरला. हात त्यात असा बसला की मला दचकायला झालं. कोणीतरी ओळखीच्या माणसानं हात हातात घ्यावा तसं वाटलं. पंचेचाळीस वर्षांत त्या हाताला कोणी काही विचारलं नव्हतं. मी घाईघाईनं माउस खाली ठेवला आणि मागे वळून पाहिलं. अण्णांच्या खोलीचं दार उघडंच असतं, त्यांना काही लागलं तर कळावं म्हणून. अण्णा कुशीवर होते आणि त्यांचे डोळे माझ्याकडे होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या दिशेनं, असं मी स्वतःला समजावलं.

माउस परत पाठवला आणि उजव्या हाताचा मागवला. तो आला, त्याचा रिसीव्हर मी स्वतः पुढच्या बाजूला लावला, मनगटाला आराम पडला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परत पाठवलेली पेटी आठवड्यानं जशीच्या तशी दारात आली, वर चिठ्ठी, 'वस्तू अपूर्ण असल्याने परतावा नामंजूर.' काय अपूर्ण ते लिहिलं नव्हतं. मी फोन केला. तिकडे एक यंत्र बोलत होतं. त्यानं मला एक दाबायला सांगितलं, मग चार, मग तक्रार नोंदवून एक लांबलचक क्रमांक दिला आणि दहा दिवसांत माणूस बोलेल असं आश्वासन दिलं. मी पेटी बायकोच्या हातात दिली आणि म्हणालो, "हिचं काय करायचं ते कर." ती म्हणाली, "लावते कुठेतरी कामाला."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिलं वर्तुळ दिसलं.

ते कळण्यासाठी आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. दुपारी तीनपर्यंत काम काळ्या रेघेत करायचं. तीन वाजता चहाला उठायचं, आणि उठताना लाल पेन्सिल नकाशावर ठेवून उठायचं. चहा पिऊन ताज्या डोळ्यांनी तीच उचलायची आणि आपलंच काम परक्यासारखं तपासायचं. ही पद्धत अण्णांनी कार्यालयाला लावली. संगणक आल्यावरही मी ती सोडली नाही. उठण्याआधी प्रोग्रॅममधली लाल पेन्सिल निवडून ठेवतो. खरं सांगायचं तर मनगट दुखायला लागल्यापासून मी ती फक्त निवडत होतो, तपासत काही नव्हतो.

त्या दिवशी चहा घेऊन आलो तर नकाशाच्या कोपऱ्यात एक लाल वर्तुळ होतं. छोटं, थोडं कापरं, पण दोन्ही टोकं बरोबर जुळलेली. मला वाटलं माझाच हात लागला असेल. पुसायला गेलो आणि सहज खालचा जुना नकाशा पाहिला. वर्तुळाच्या बरोबर मध्ये एक विहीर होती. मी ती काढायची विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तुळं. एका ठिकाणी गल्ली बोळकंडीएवढी झाली होती, दुसऱ्या ठिकाणी दोन घरांमधली हद्द मी सरळ ओढली होती, जुन्यात ती वाकडी होती. दोन्ही चुका माझ्या. तिसऱ्या दिवशी मला चहा गेला नाही.

बायकोला सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून गाड्या जात होत्या, शेजारी कोणाचं तरी कपडे धुवायचं यंत्र घरघरत होतं. अशा वेळी अंगावर काटा आला तर तो कोणाला दाखवायचीही सोय नसते.

सल्लागार म्हणाले, "हॅकर." त्यांनी इंटरनेटची वायर उपटून खिशात घातली आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तीनला वर्तुळ आलं. मग ते म्हणाले, नव्या माउसला पाठीत बटण असतं, ते बंद करून चहाला जा. मी बंद केलं, वर सेल काढून बशीत ठेवला. परत आलो. सेल बशीत होता, माउस मेल्यासारखा आडवा होता, आणि पडद्यावर वर्तुळ होतं.

कार्यालयाच्या संगणक विभागाला कळवलं. त्यांनी विचारलं, "वर्तुळामुळे कामात चूक होते का?" मी म्हणालो, "नाही, चूक सापडते." मग, "मग तक्रार काय आहे?" असा प्रश्न आला आणि मी फोन ठेवून दिला. त्या महिन्यात विभागप्रमुखांनी माझ्या अचूकतेबद्दल कौतुकाचं पत्र पाठवलं. ते मी टेबलाच्या खणात उलटं ठेवलं.

रविवार जवळ येत होता. ताईचा फोन रोज यायचा. कागद तयार होते, अण्णांचे सहा जोडी कपडे वेगळे काढायचे होते, प्रत्येकावर नाव शिवायचं होतं. "नाव कशाला?" मी विचारलं. ताई म्हणाली, "वरच्या मजल्यावर लागतं रे. त्यांना सांगता येत नाही ना." त्या दुपारी बायको अण्णांच्या सदऱ्याच्या कॉलरला आतून नाव शिवत बसली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून हद्दी ओढत होतो.

गुरुवारी सल्लागारांनी मोहीम आखली. तीनला मी लाल पेन्सिल निवडून रोजच्यासारखं उठायचं, आणि दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून पडद्यावर नजर ठेवायची. आम्ही उभे राहिलो. सल्लागारांच्या हातात, का कोण जाणे, लाटणं होतं. पाच मिनिटं काही झालं नाही. पडद्यावरचा बाण जिथे ठेवला होता तिथेच होता. "मनाचे खेळ आहेत," असं सल्लागार कुजबुजले, आणि बाण हलला.

भर्रकन नाही हलला. आधी थोडासा, मग थांबला. मग पुन्हा. अंधारात खाटेवरून पाय सोडून कोणीतरी चप्पल चाचपावी तसा. मग तो वळला आणि अगदी रमत-गमत, रस्ता माहीत असल्यासारखा नकाशावरून चालायला लागला. पेठेतून खाली, चौकातून डावीकडे, तळ्याच्या काठाकाठानं. एका ठिकाणी थांबला आणि गोल काढला. मला वाटलं झालं. पण बाण त्या गोलाच्या शेजारी सरकला आणि एकेक वळण घेत, लाल रंगात, लिहायला लागला.

'पुन्हा.'

लाटणं पडल्याचा आवाज आला. सल्लागार "मला एक फोन करायचाय" असं अतिशय प्रतिष्ठितपणे म्हणाले आणि निघून गेले. त्यांची एक चप्पल आमच्याकडे राहिली. ती न्यायला ते अजून आलेले नाहीत.

मी तिथेच बसलो. अक्षर माझ्या ओळखीचं होतं. ओळखीचं म्हणजे काय, मी त्या अक्षराखाली लहानाचा मोठा झालो होतो. तो 'न'चा पोट काढलेला फुगवटा, 'ह'ची खाली ओढलेली शेपटी, आणि काना असा सरळ की पट्टी लावून तपासावा. जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात अजूनही तेच अक्षर आहे. मी उठून आतल्या खोलीच्या दारात गेलो. अण्णा उंच उशीवर निपचित पडले होते. डोळे उघडे. लिहिणारा उजवा हात चादरीवर, बायकोनं ठेवला होता तसाच, बोटं अर्धवट वळलेली, सात महिन्यांपूर्वी गेलेला. छाती वर-खाली होत होती.

माणूस गेल्यावर त्याचं काही मागे राहतं असं लोक सांगतात, आणि मी आजवर त्यांना हसत आलो. पण माणूस आत श्वास घेतोय आणि त्याचं अक्षर बाहेरच्या खोलीत फिरतंय, याला काय म्हणायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच वाटलं की अण्णा निघाले. थोडे थोडे, दुपारचे तीन वाजता, कामाची सवय आधी. आणि मी रविवारी जे पाठवणार होतो ते नाव शिवलेल्या सदऱ्यात राहिलेलं उरलंसुरलं होतं. ही कल्पना भयंकर होती, आणि लाज वाटते सांगायला, पण तिच्यात थोडी सुटकाही होती. ज्यांना काही कळत नाही त्यांना वर पाठवलं तर बिघडलं कुठे?

त्या रात्रीचं सांगत नाही. शुक्रवारी मी काम केलं नाही. शनिवारी सकाळी फोन वाजला.

"तुमची माउसची तक्रार होती," एक मुलगी म्हणाली. खरोखरची मुलगी होती. "आम्ही तपासलं. तुमच्या पेटीत रिसीव्हर नव्हता. संगणकाला लावतो ना, तो छोटा तुकडा. तो पाठवलात तर परतावा मिळेल."

"तो नव्हता?"

"नाही सर. तुमच्या संगणकालाच राहिला असेल. सगळ्यांचा राहतो."

मी फोन हातात धरूनच टेबलाखाली वाकलो. संगणकाच्या मागे, धुळीत, सल्लागारांनी खोचलेला तो नखाएवढा तुकडा होता, आणि त्यावरचा हिरवा ठिपका मिचमिचत होता. म्हणजे त्याचा माउस जवळपास कुठेतरी जागा होता.

"सर? परतावा हवाय ना?"

"नको," मी म्हणालो, आणि टेबलाला डोकं आपटून बाहेर आलो.

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. "तो डावा माउस," मी म्हणालो, "तू कुठे लावलास कामाला?"

"अण्णांना दिलाय," ती म्हणाली. "व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या ना, डाव्या हाताला काहीतरी दाबायला द्या, नाहीतर तोही आखडेल. स्पंजचा चेंडू कपाटाखाली गेला. हा हातात छान बसला त्यांच्या. सोडतच नाहीत, झोपेतसुद्धा. का हो?"

सात महिने आम्ही सगळे अण्णांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. डॉक्टर त्या हाताकडे बघत होते, ताई बघत होती, मी भुतासारखं अक्षर पाहिलं तेव्हाही मी तोच मेलेला हात बघून परत आलो होतो. चादरीखाली दुसरा हात आहे, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आमच्या घरात डावा हात लिहीत नाही. तो नियम अण्णांनीच केला होता.

मी टेबलाशी बसलो. दाराकडे पाठ असते माझी. म्हणजे पडदा दाराकडे तोंड करून असतो. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून अण्णांना लांबचं लख्ख दिसतं, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा. रोज आठ तास, माझ्या खांद्यावरून, स्वतःच काढलेल्या नकाशाची मी लावलेली वाट ते बघत होते. बोलता येत नव्हतं. आणि तीन वाजता मी लाल पेन्सिल नकाशावर ठेवून, तपासणी न करता उठून जात होतो.

मी कामाचा नकाशा उघडला. दोन गल्ल्या ओढल्या, आणि तळ्याकाठची विहीर मुद्दाम सोडून दिली. लाल पेन्सिल निवडली. उठलो नाही. खुर्ची वळवली आणि पडद्याकडे पाठ करून अण्णांकडे बघत बसलो.

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, कपाळाला आठी घालून. ही आठी मी चाळीस वर्षं ओळखतो. सात महिने तिला आम्ही दुखण्याची आठी समजलो. मग डाव्या मांडीशी चादर हलली. थोडी वर, थोडी बाजूला, एक गोल फेरी. मी मागे वळलो. विहिरीभोवती वर्तुळ होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्हाला सगळं कळतंय?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ. असल्या प्रश्नाला ते पूर्वीही उत्तर देत नसत.

दारात बायको उभी होती. तिच्या हातात सदरा होता, नाव शिवलेला. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा चादरीकडे, मग ती तिथेच खाली बसली आणि दातांनी दोरा तोडून नाव उसवायला लागली. मला ताईला फोन करायचा होता, गाडी थांबवायची होती, वरचा मजला खालचा मजला काही नको असं सांगायचं होतं. ते सगळं केलं. ताई आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की मी उद्या येते, मला दाखवा. पण ते नंतर.

आधी मी खाटेशी गेलो. सात महिने मी या माणसासमोर, तो नसल्यासारखा बोललो होतो. त्याची विल्हेवाट त्याच्याच देखत ठरवली होती. माफी मागायची म्हणजे काय करायचं हे आमच्या घराण्यात कोणाला शिकवलेलं नाही. अण्णांनी माझी मागितली नव्हती, मीही कोणाची मागितली नव्हती. मग मला डॉक्टरांचं आठवलं आणि मी आपला हात पुढे केला, हस्तांदोलनाला करतात तसा.

अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं. चादरीतून त्यांचा डावा हात बाहेर आला, मुठीत तो माउस. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही. गादीवर ठेवला, नजर माझ्या खांद्यापलीकडे लावली आणि सावकाश फिरवायला लागले. हात जराही कापत नव्हता. त्या गुरुवारच्या अक्षराइतकाच स्थिर होता. सात महिन्यांत कोणी ऐंशीच्या पुढे नव्या हातानं असं लिहायला शिकत नाही. तो हात कधीतरी, फार पूर्वी, बांधला जाण्याआधी, लिहीतच असला पाहिजे. त्यांचा कोणी बांधला, कशानं, हे मी कधी विचारलं नाही आणि आता ते सांगू शकत नाहीत.

मी वळून पडद्याकडे पाहिलं. पांढऱ्या कडेला लाल रंगात लिहिलं होतं, 'पुन्हा.'

मी पुढे केलेला उजवा हात मागे घेतला आणि डावा पुढे केला. मग अण्णांनी माउस सोडला.